रस्त्यात मांडलेली परीक्षा

"बोला बाई, आम्ही ऐकतोय."

आवाज मऊ होता. त्यात राग नव्हता, घाईसुद्धा नव्हती. टेबलापलीकडे तीन मास्तर बसले होते, त्यांतल्या मधल्याचा तो आवाज. चष्म्याच्या काड्या दुमडत, उघडत, पुन्हा दुमडत तो म्हणाला होता. मी अठरा वर्षांची होते. तारेच्या गोल पिंजऱ्यातून मी एक लाकडी गोळी काढली होती, तिच्यावर सात हा आकडा होता, आणि सातवा धडा होता गवताच्या कुळाचा. गहू, मका, बांबू, ऊस.

ऊस! आमच्या तुकुमानमध्ये, या उसाच्या मुलखात, लेकराला दात यायच्या आधी उसाचं कांडं मिळतं. पेर कुठे, डोळा कुठे, पात्याची धार कुठल्या अंगाला, हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. तोंडातून मात्र शब्द फुटला नाही. एकही नाही. खिडकीबाहेर कोणीतरी झाडू मारत होतं, त्या झाडूचा आवाज मी ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने तोच मऊ आवाज म्हणाला, "ठीक आहे. मार्चमध्ये या."

मी मार्चमध्ये गेले नाही. कधीच गेले नाही.

लष्कराचं राज्य होतं तेव्हा, आणि फार्मसीच्या सरकारी कॉलेजाला फी लागली होती. माझी फी माझा थोरला भाऊ भरायचा. रोसेन्दो तेव्हा तेवीस वर्षांचा. हिवाळ्यात साखर कारखान्यात चिपाडाच्या ढिगावर, उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे नव्या वर्षाच्या सुरुवातीला, हजार किलोमीटरवर मेंदोसाला द्राक्षं तोडायला. मार्चमध्ये पुन्हा बसायचं म्हणजे त्याने आणखी एक उन्हाळा द्राक्षांत घालायचा, आणि मी पुन्हा त्या तिघांसमोर जाऊन मुकी बसायचं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

"फी वाढवली," मी सांगितलं.

"किती?"

मी तोंडाला आला तो आकडा सांगितला. त्याच्या हातातला माते, आमचा पाल्याचा कडू चहा, भांड्यातच निवून गेला. आई चुलीशी होती, ती वळली नाही. मग तो म्हणाला, "तेवढं नाही जमायचं गं, नेली." आणि नजर खाली घातली.

बेचाळीस वर्षं होऊन गेली. ती खाली घातलेली नजर मी रोज बघते. कारण रोसेन्दो माझ्याकडेच राहतो. लग्न त्याने केलं नाही, माझं टिकलं नाही. त्याच्या छातीत चिपाडाची धूळ साचली आहे. खोकला आला की तो भिंतीला हात लावून उभा राहतो आणि खोकला जाईपर्यंत वाट बघतो, बस यायची वाट बघावी तसा.

मी त्याच कॉलेजात शिपाई झाले. आधी फरशी पुसली, मग किल्ल्या हाती आल्या. खोल्या उघडायच्या, याद्या भिंतीवर लावायच्या, परीक्षेच्या टेबलामागे तीन खुर्च्या मांडायच्या आणि निकालाची वही सांभाळायची. लष्कर गेलं, फी गेली. कॉलेज फुकट झालं आणि फुकटच राहिलं. किती पोरं माझ्यासमोर, इथल्या रिवाजाप्रमाणे दोस्तांनी फेकलेल्या अंडी-पिठाने माखून, पदवीधर झाली, मोजलं नाही. ते पीठ धुवायला पाइप मीच धरायची.

औषधशास्त्राचे डॉक्टर सेलारायान यांनी एकदा सहज विचारलं होतं, "नेलिदा, तुम्ही का नाही शिकलात?" मी घरी सांगितलं होतं तेच सांगितलं. दुसरं तोंडात बसलंच नव्हतं. डॉक्टर शिक्षक संघटनेचे जुने कार्यकर्ते. त्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून फी लावायची भाषा कुठे निघाली, की सभेत मला बोलवायचे. मी उभी राहायची, "फीने मला बाहेर काढलं" म्हणायची, लोक टाळ्या वाजवायचे, मी खाली बसायची. अशी मी खोट्यावर पोसलेली खरी गोष्ट झाले. रोसेन्दो मात्र कधी कुठल्या सभेला आला नव्हता. त्याला असल्या गर्दीचा कंटाळा.

यंदा ऑगस्टमध्ये पुन्हा संप लागला. सरकारने कॉलेजांचा पैसा आवळला होता. आमचे पगार वीस तारखेलाच दम टाकत होते. रस्त्याकडेच्या लापाचोच्या झाडांना गुलाबी फुलं आली होती, आणि फडातलं पाचट पेटवल्याची काळी राख त्या गुलाबीवरून सावकाश खाली येत होती. दरवर्षीसारखीच. धुतलेल्या चादरींवर, पावावर, केसांत.

"पुन्हा मोर्चा?" रोसेन्दोने सकाळी विचारलं.

"मोर्चा नाही. परीक्षा. संपात वर्ग बंद, म्हणून टेबलं रस्त्यात मांडायची. लोकांनी बघू दे, इथे काय चालतं ते."

"काय चालतं? लोक अकरा-अकरा वर्षं बसतात, ते चालतं. मी नूडल्सचं पाकीट घेतो, त्यावर कर देतो, त्यात कुणाची तरी अकरावी खेप. थोडी फी लावा म्हणावं. पैसे जातात तेव्हा माणूस मनावर घेतो."

"म्हणजे आपल्या वेळेसारखी?"

 चहाचं भांडं माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "आपल्या वेळेचं वेगळं. तू मनावर घेतलं होतंस. मीच कमी पडलो."

हे तो वर्षातून दोन-तीनदा म्हणायचा. जेवताना, कधी औषधाचा पंप तोंडातून काढताना. रडून नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं.  मी म्हणायची, "असू दे रे." आणि उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

"तुझी गाडी लागेल," मी म्हटलं. "टेबलं वाहून न्यायला कुणी नाही."

"फुकट?"

"फुकट."

"बघ! सगळ्यांना माझंच फुकट हवं असतं," तो म्हणाला आणि किल्ली शोधायला उठला.

त्याची रास्त्रोखेरो, जुनी मालवाहू गाडी, आमच्या दोघांइतकीच दमलेली. तीनदा घुर्रकन करते, चौथ्यांदा विचार करते, पाचव्यांदा चालू होते. आम्ही कॉलेजच्या दारात पोचलो तेव्हा टेबलं फुटपाथवर काढून ठेवलेली होती. ती गाडीत चढवून कोपऱ्यावरच्या चौकात न्यायची होती. कॉलेजच्या पायरीवर एक बाई बसून वही चाळत होती. माइरा तोकोनास. डोंगरातल्या अमाइचाची, वय चौतीस. लिंबू भरायच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून आलेली, त्यामुळे हाताला लिंबाच्या सालीचा वास. तिचा हा शेवटचा विषय. औषधशास्त्र. दोनदा नापास.

"ही तुझी अकरा वर्षंवाली?" रोसेन्दोने मला विचारलं, तिला ऐकू जाईल इतक्या हळू.

"दहा, काका," माइरा वहीतून मान वर न करता म्हणाली. "अकरावं चालू आहे. खोटं नका वाढवू."

रोसेन्दोला मजा वाटली. आमची आई कार्निव्हलला डफ घेऊन कोप्ला म्हणायची, समोरच्याला चार ओळींत चिमटा काढायची, त्याने चार ओळींत फेडायचा. ते रक्त त्याच्यात अजून आहे. त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"अकरा वर्षं शिकली बाई,
पुस्तक झालं म्हातारं,
आणखी एकदा नापास झाली
तर नातू देईल उत्तरं!"

आजूबाजूची पोरं खिदळली. मला वाटलं, आता ही रडणार. माइराने वही मिटली, गुडघ्यावर टिचकी मारली. डोंगरातल्या बाया तशाच, त्यांना ठेका मिळाला की झालं.

"म्हातारं झालं पुस्तक तरी
पान एकही गळलं नाही,
तुमची गाडी सुरू होईतो
पास होऊन जाईन बाई!"

रोसेन्दो इतका हसला की खोकला लागला. भिंत जवळ नव्हती, त्याने माइराच्या खांद्याला धरलं. ती तशीच उभी राहिली, खोकला जाईपर्यंत.

चौकात टेबलं लागली. टेबलांवर राख पडत होती आणि मी फडक्याने पुसत होते. मी पुसेपर्यंत पुन्हा पडत होती. डॉक्टर सेलारायान कोट घालून आले. अडुसष्ट वर्षांचे, कोटाची कोपरं झिजलेली. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नेलिदा, रेडिओवाले आलेत. पहिला विद्यार्थी झाला की तुम्ही बोला. नेहमीचंच. पाच मिनिटं."

"डॉक्टर, आज नको. माझा भाऊ आलाय."

"मग तर उत्तमच! त्यांनी तर फी भरली. तेही उभे राहतील तुमच्याबरोबर."

"त्याला उभं राहवत नाही," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार.

 "मीही दमलोय हो," ते हळूच म्हणाले. "'शिक्षण फुकट हवं' हे मी एकवीस वर्षांचा असताना याच कोपऱ्यावर ओरडलो होतो. पण आपण गप्प बसलो तर दुसरे बोलतील." मी होकाराची मान हलवली. माणूस वाईट नव्हता. त्याला खरं सांगितलं नव्हतं ते मीच.

पहिलं नाव माइराचं. डॉक्टर मधल्या खुर्चीत, दोन्ही बाजूंना दोन शिक्षिका. माइराने पिंजरा फिरवला, गोळी काढली.   या नोकरीत एवढ्या वर्षांत एकही गोळी अशी निघाली नाही, की माझे तळहात ओले झाले नाहीत.

ती बोलायला लागली. हृदयाची औषधं. अडखळत नव्हती. मध्येच एक शब्द विसरली तेव्हा बोट वर करून म्हणाली, "थांबा, येतोय," आणि तो आला. लोक दाटीवाटीने उभे होते. बस खोळंबली होती आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ऐकत होता. रोसेन्दो सगळ्यांत पुढे, उलट्या घातलेल्या संत्र्याच्या पेटीवर, मांडीवर टोपी आणि औषधाचा पंप.

"मात्रा सांगा," डॉक्टर म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला, किडनी अर्धी गेलेली."

तिने सांगितली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा."

तिने तीच सांगितली. थोडी कमी आवाजात.

"एवढ्याने तो मरतो, तोकोनास."

 बसवाल्याने डोकं आत घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "करा की पास, डॉक्टर, आज तरी!" आणि रोसेन्दोही बसल्या जागेवरून म्हणाला, "तुमच्याच मोर्चाला आलीय ती. करून टाका."

"उद्या तुमच्या पंपाचं औषध हीच देणार आहे," डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणाले. "चुकीचं दिलेलं चालेल?"

रोसेन्दोने टोपीकडे बघितलं.

"डिसेंबरमध्ये या," डॉक्टर माइराला म्हणाले. मला निकालाची वही पुढे करायची होती. मी ती पुढे केली. तिने नापासाच्या शेऱ्याखाली सही केली. मग गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले, एकदाच, नाक शिंकरलं आणि मला विचारलं, "नेलीबाई, डिसेंबरची यादी लागली का?"

"लागली नाही अजून. कोरा कागद आहे."

"द्या."

माझ्या लिहायच्या फळीवरच्या कोऱ्या कागदावर तिने सगळ्यांत वर आपलं नाव लिहिलं. अक्षर मोठं, सरळ. खाली रेघ ओढली. "पहाटेची पाळी बदलून घेते," ती म्हणाली, "पाळीमुळेच डोकं चालत नाही." आणि कुणीतरी पुढे केलेलं माते चहाचं भांडं तिने दोन्ही हातांत धरलं.

मी त्या नावाकडे बघत राहिले. एवढंच होतं ते. नाव लिहायचं. कुणाच्या उन्हाळ्याची द्राक्षं मोजायची नाहीत, कुणाच्या नजरेला उत्तर द्यायचं नाही. चुकायचं, रडायचं आणि नाव लिहायचं. मला हे जमलं नाही, कारण माझ्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या पाठीवर जाणार होतं. फीने मला काढलं नव्हतं, ते खोटंच. पण फी नसती, तर मार्चमध्ये मी त्या मऊ आवाजासमोर पुन्हा बसले असते, आणि निदान "ऊस" एवढं तरी म्हटलं असतं.

"आता आपल्या नेलिदा अर्गान्यारास बोलतील!" भोंग्यातून आवाज आला. "ज्यांना फीने बाहेर काढलं, त्या!"

टाळ्या. मी माइकपाशी गेले. रोसेन्दो समोरच. त्याने टोपी हातात घट्ट धरली होती आणि मान आधीच खाली घातली होती, मार बसणार हे माहीत असलेल्या माणसासारखी. मी पहिलं वाक्य म्हणणार आणि तो एवढ्या लोकांत पुन्हा एकदा कमी पडणार.

मी तोंड उघडलं.

"टेबलं," मी म्हणाले, "दुपारी दोनपर्यंत आहेत. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी ओळखपत्र बरोबर ठेवावं. पाणी कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळेल."

लोकांनी थोडं थांबून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दोननंतर चौक रिकामा झाला. दोन मुली पास झाल्या होत्या, त्यांच्यावर फोडलेल्या अंड्यांची टरफलं डांबराला चिकटली होती, आणि पिठावर राख. आम्ही टेबलं गाडीत चढवत होतो. रोसेन्दोने एका बाजूला धरलं, मी दुसऱ्या. तिसऱ्या टेबलाला तो थांबला, गाडीला पाठ टेकवून उभा राहिला. श्वास जागेवर आणायला वेळ लागला.

"त्या पोरीने पुन्हा नाव घातलं," तो म्हणाला. "बघितलंस? तिसऱ्यांदा आपटली आणि लगेच हात वर. लाज नाही." मग वेगळ्या आवाजात, "म्हणजे, तसं नाही. धाडस आहे."

"आहे."

"तू बोलली नाहीस ते बरं केलंस."

मी टेबलाचा पाय दुमडत होते. तो अर्धवट दुमडलेला तसाच राहिला.

"मला वाटलं होतं, आता सांगणार," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. की भाऊ होता, पण त्याला पुरलं नाही. सांगायचा तुझा हक्क आहे, मी काही म्हणालो नसतो. पण माझी लाज राखलीस तू, नेली. मी अजून हिशेब करतो कधीकधी. अजून दोन आठवडे द्राक्षांत थांबलो असतो तर. त्या वर्षी पाठ दुखायची म्हणून मी लवकर आलो होतो. तुला कधी सांगितलं नव्हतं."

रस्त्यापलीकडे कोणीतरी बेकरीचं शटर खाली ओढलं. माझ्या कानात झाडू वाजत होता, तो बेचाळीस वर्षांपूर्वीचा.  मी गाडीच्या फळीला धरलं. वाटलं, नेहमीसारखं "असू दे रे" म्हणावं आणि टेबल उचलावं. तो पासष्ट वर्षांचा होता. त्याच्या डोक्यावर राखेचे बारीक कण बसले होते, आणि ते झटकायचंही त्याला भान नव्हतं.

"रोसेन्दो," मी म्हटलं.

"हं?"

"फी वाढली नव्हती."

तो माझ्याकडे बघायला लागला. कळलं नव्हतं त्याला.

"त्यांनी काहीच वाढवलं नव्हतं. तो आकडा मी मनाने सांगितला. मला परीक्षेत बोलताच आलं नाही. सगळं येत होतं आणि तोंड उघडलं नाही, आणि परत जायची मला भीती वाटली. तुझे पैसे, रोसेन्दो, तुझे पैसे पुरले होते. सगळे पुरले होते."